आजीची लांब बाही

आमच्या घरात एक व्यक्ती अशी आहे, जिने बर्मिंगहॅममधल्या एकाही डॉक्टरला आपला डावा हात दाखवलेला नाही. त्या म्हणजे माझ्या सासूबाई, यमुनाबाई. वय अठ्ठ्याऐंशी. भर उन्हाळ्यातही ब्लाउजची बाही मनगटापर्यंत. कोपराखाली त्यांना एक जुनाट चट्टा आहे. तो खाजतो, त्याची सालं निघतात, थंडीत तो भेगाळतो, एवढं त्याच कधीतरी बोलून गेल्या. मी या घरात आल्यापासून त्याची जागा फक्त अंदाजाने ओळखते, कारण धुवायला टाकलेल्या बाहीवर नेमका तिथेच खोबरेल तेलाचा डाग असतो. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, चला म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "चामडीची डॉक्टरीन घरातच होऊन राहिली ना? तिलेच दाखवीन."

चामडीची डॉक्टरीन म्हणजे माझी मुलगी मृणाल. जन्माने इथलीच. शाळा संपल्यावर तिने आधी ऑस्टिओपॅथी केली. पाठ, मान, सांधे हाताने चाचपून, दाबून, हलवून माणसाला मोकळं करायचं, असं ते काम. इथे त्याची रीतसर पदवी असते, रजिस्ट्रेशन असतं, पण ऑस्टिओपॅथ म्हणजे मेडिकल डॉक्टर नव्हे. ही गोष्ट आमच्या विहारातल्या भावनाताईंनी मला इतक्यांदा समजावून सांगितली आहे की आता मला ती झोपेतही म्हणून दाखवता येईल. "म्हणजे मसाजच ना गं?" असं त्या विचारायच्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एवढं बोलून पुढच्या शनिवारी स्वतःची धरलेली कंबर घेऊन त्याच मसाजवालीच्या क्लिनिकमध्ये हजर.

त्या क्लिनिकमध्येच मृणालचं डोकं फिरलं, किंवा ठिकाणावर आलं. पालथ्या झोपलेल्या माणसाची पाठ त्याची त्यालाही दिसत नाही, ती हिला दिवसभर दिसायची. आमचे कमलाकरकाका एकदा मान आखडली म्हणून गेले होते. खांद्याखालचा एक तीळ तिच्या बोटांना बरोबर वाटला नाही. तिने पाठपुरावा करून त्यांना हॉस्पिटलात पाठवलं आणि तो तीळ वेळेवर निघाला. काका आजही भीमजयंतीला ढोल वाजवतात. त्यानंतर ती एक दिवस जेवताना म्हणाली की तिला स्किनची डॉक्टर व्हायचं आहे आणि त्यासाठी ती पहिल्यापासून मेडिकलला जाणार आहे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी वरणाकडे पाहिलं. चांगलं चालणारं क्लिनिक सोडून पुन्हा विद्यार्थी होणं म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. आजी तेवढ्या म्हणाल्या, "कर."

तिने केलं. मेडिकल केलं, वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, एकामागून एक परीक्षा दिल्या. पण या देशात त्वचारोगाच्या ट्रेनिंगची जागा मिळणं म्हणजे लोखंडाचे चणे. जागा मोजक्या आणि रांगेत सगळे हुशार. ब्रिस्टलला रजिस्ट्रार असलेला, म्हणजे हेच ट्रेनिंग घेणारा प्रणय हा तिचा सीनियर, आपलाच मुलगा, मनाने चांगला. त्याने तिला सल्ला दिला की ऑस्टिओपॅथी फॉर्ममध्ये नोकरीच्या रकान्यात आहे तेवढी पुरे, बोलताना तिचं नाव काढू नकोस. काही कन्सल्टंट, म्हणजे वरचे मोठे डॉक्टर, नाक मुरडतात. तू रिसर्चचं बोल, वॉर्डातल्या उपचारांच्या ऑडिटचं बोल. मृणालने ऐकलं. मुलाखत तिने तोंडपाठ केली होती, आणि गेल्या वर्षी तिला जागा मिळाली नाही. उत्तरं बरोबर होती, पण ती कुणाचीही असू शकली असती, असं तिला नंतर कळवण्यात आलं.

नकारापेक्षा मोठं दुखणं वेगळंच होतं. मुलाखतीला बोलावणं आलं एवढ्यावरच ह्यांनी जयंतीच्या कार्यक्रमात माइक हातात घेतला होता. आमच्याकडे कुणाच्या मुलाला काही मिळालं की जयंतीच्या स्टेजवरून सांगायचं, टाळ्या घ्यायच्या, अशी पद्धत आहे. ती मला आवडते. आमच्या आईबापांच्या शिक्षणाला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून आम्ही एकमेकांच्या मुलांसाठी हात लाल होईपर्यंत वाजवतो. पण मिळाल्यावर सांगायचं असतं! ह्यांनी मिळायच्या आधीच "आमची मृणाल त्वचारोगतज्ज्ञ होत आहे" असं जाहीर केलं, हॉल दणाणला, आणि जेवणाच्या रांगेत निम्म्या बायकांनी आपापले हात, पाय, मानेवरचे डाग तिच्यापुढे केले. नंतर नकार आला तेव्हा त्याच बायकांना मला तोंड द्यावं लागलं. भावनाताई म्हणाल्या, जाऊ दे गं, मसाजचं तर आहेच. त्या दिवशी मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदा पुन्हा मुलाखतीला बोलावणं आलं. मृणाल आम्हाला म्हणाली की ही शेवटची वेळ, नाही झालं तर ती दुसरी एखादी लाइन धरेल. कुठेही एक शब्द बोलायचा नाही, असं मी ह्यांच्याकडून बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर कबूल करून घेतलं. आजींना मात्र ते शेवटचं वगैरे मुळीच आवडलं नाही. त्या दिवसभर बाही ओढत बसून राहिल्या.

आदल्या संध्याकाळी मृणाल आमच्याकडे राहायला आली आणि लॅपटॉपसमोर उत्तरांची तालीम करायला लागली. पुन्हा तेच, रिसर्च आणि ऑडिट. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. ऐकता ऐकता माझा तोल गेला. मी तिला म्हटलं, "इतकी वर्षं ज्या हातांनी काम केलंस, ते हात पाठीमागे बांधून मुलाखत देतेस काय?"

ती चिडली. "आई, तुला नाही कळत. दे विल थिंक मी सीरियस नाहीये."

मला पॅनेलचं काही कळत नाही, हे तिचं म्हणणं खरंच होतं. मी बँकेत काम केलेली बाई. मी घड्या उचलून खाली आले. माझं बोलणं आजींनी खालून ऐकलं असावं, कारण थोड्या वेळाने त्या काठी टेकत, जिन्यावर दोनदा थांबत वर गेल्या आणि बराच वेळ मृणालच्या खोलीत बसल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. खाली आल्या आणि मला म्हणाल्या, "पानाची गोष्ट सांगितली. तिनं लहानपणी ऐकलीच होती, पण आता डॉक्टरीन म्हणून ऐकली."

पानाची गोष्ट मला ठाऊक होती. आजी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्या हाताला काहीतरी उठलं, तेव्हा त्यांची आई त्यांना वैद्याकडे घेऊन गेली. वैद्य ओट्यावर, या दोघी खाली अंगणाच्या कडेला उन्हात. त्याने लांबूनच विचारलं, ओलं आहे का कोरडं? गरम लागतं का? आईने सांगितलं तसं त्याने मलम पळसाच्या पानावर काढलं आणि ते पान काठीने ओट्याच्या कडेपर्यंत सरकवून खाली पाडलं. ते मलम भलतंच निघालं, हात भाजून निघाला. हात लावून पाहिलं असतं तर कळलं असतं, पण आमच्या माणसांच्या कातडीला हात लावायचा नव्हता. आजींनी त्यानंतर तो हात कुणाला दाखवला नाही. छप्पनला घरदार बौद्ध झालं, त्या शिकल्या, मुलाला इंजिनियर केलं, विमानात बसून इकडे आल्या, पण बाही खालीच राहिली.

मुलाखत ऑनलाइन होती. घरात कुकर लावायचा नाही, बेल वाजू द्यायची नाही, असे हुकूम सुटले होते. हे दारात खुर्ची टाकून पोस्टमनसाठी पहाऱ्यावर बसले. मी जिन्यात बसले. कान देऊन ऐकत होते, हे कबूल करायला मला काहीच लाज वाटत नाही.

सुरुवातीचं सगळं सुरळीत, गेल्या वर्षीसारखंच चाललं होतं. मग पॅनेलने तिला एक केस दिली: एक सावळ्या रंगाचे गृहस्थ, पाय सुजलेला, लाली कुठे दिसत नाही, तर तुम्ही काय कराल? मृणाल म्हणाली की ती आधी दोन्ही पायांवर हाताची मागची बाजू ठेवेल. गोऱ्या कातडीवर जी लाली दिसते ती आमच्यासारख्या कातडीवर जांभळट दिसते, करडी दिसते, कधी दिसतच नाही. पण ऊब लपत नाही. एकच पाय गरम लागला तर एक अर्थ, दोन्ही सारखे लागले तर दुसरा. घट्टपणा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ते बोटांना कळतं. पॅनेलमधल्या बाईंनी विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात?

मी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

मग माझी मुलगी इंग्रजीत म्हणाली की मी डॉक्टर होण्याआधी ऑस्टिओपॅथ होते. हे मी गेल्या वर्षी सांगितलं नाही, कारण तुम्हाला ते हलकं वाटेल अशी भीती वाटली. पण माझे हात तिथे तयार झाले, आणि बर्मिंगहॅममधल्या सगळ्या रंगांच्या पाठींवर तयार झाले. आणि मला हेच का करायचंय, तर माझ्या आजीला लहानपणी मलम पानावरून काठीने ढकलून मिळालं, कारण तिची जात अस्पृश्य मानली जात होती. तिची कातडी तपासायला कुणी हात लावला नाही. मी रोज सकाळी कामाला जाऊन माणसांच्या कातडीला हात लावते. माझ्या घराण्यात यापेक्षा मोठं काम मला दुसरं माहीत नाही.

मग त्या बाईंनी हळू आवाजात आभार मानले आणि पुढचा प्रश्न विचारला. तो काय होता ते मला सांगता येणार नाही, कारण मी पदर तोंडात कोंबून रडत होते. जागा मिळो न मिळो, माझं मन त्या जिन्यातच भरलं. मला असा अभिमान कधी वाटला नव्हता, तिच्या पदवीदानाच्या दिवशीसुद्धा नाही.

जागा मिळाली. एप्रिलच्या एका गुरुवारी मी बसमध्ये असताना तिचा वॉर्डातून फोन आला. "आई, मिळाली. आणि बर्मिंगहॅमलाच!" एवढंच बोलून ती रडायला लागली. ओळखीच्यांना सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी शेजारी बसलेल्या अनोळखी गोऱ्या आजोबांना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि लगेच स्वतःच्या कानावरचा डाग दाखवला.

घरी आजींना सांगितलं तर त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि टीव्हीकडे वळल्या. मला रागच आला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली त्याला एक बरं?

रविवारी जयंतीचा कार्यक्रम झाला. त्रिसरण-पंचशील झालं, भाषणं झाली. ह्यांचे हात माइकसाठी शिवशिवत होते, पण यंदा मीच त्यांना खुर्चीवर दाबून बसवलं. कागदावर सही होईपर्यंत थांबायचं, असा माझा हट्ट. जेवणाच्या वेळी मृणाल खिरीची वाटी घेऊन आजींजवळ आली तेव्हा भावनाताई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, काय गं, तुझं त्या स्किनचं पुढे काय झालं?

आजींनी वाटी बाजूला ठेवली. डाव्या मनगटाजवळचं हुक काढलं आणि बाही एकेक घडी करत कोपराच्या वर नेली. भरलेल्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. तो हात मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला. करडा, जाड, भेगाळलेला चट्टा, तळहाताएवढा.

मृणाल घाईने म्हणाली, "आजी, माझी ट्रेनिंग ऑगस्टमध्ये स्टार्ट होणार. अजून मी..."

"ऑगस्टची काय गॅरंटी," आजी म्हणाल्या. "पाह्य."

मृणाल त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. तिने काही विचारलं नाही, मोबाइलचा दिवा लावला नाही. आधी हाताची मागची बाजू त्या चट्ट्यावर ठेवली, मग तळवा, आणि तो तसाच राहू दिला. मग बोटांनी कडा चाचपल्या. आजींनी डोळे मिटले होते. काही वेळाने मृणाल म्हणाली की तिला हा जुना एक्झिमा वाटतो, पण ती आपल्या कन्सल्टंटनाही एकदा दाखवून घेईल. क्रीमने पुष्कळ बरं वाटेल, खाज तर नक्की जाईल.

आजींनी डोळे उघडले. बाही खाली केली नाही. भावनाताईंकडे वळल्या आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही माही नात. हात लावून पाह्यते."