डाव्या दाराखालचा गंज

मित्रांनो, मला हात लावून बघायचे असेल तर आधी उजव्या बाजूला या. दाराखालच्या पत्र्यावर टिचकी मारा. कसा खणखणीत वाजतो! आता डावीकडे या आणि तसेच बोट फिरवा. खडबडीत लागते ना? तिथे तीन जोड आहेत. त्या जोडांनी एकदा माझी अब्रू घेतली, आणि त्यांनीच ती मला परत मिळवून दिली. ती गोष्ट सांगायला मी केव्हाची उतावीळ झाले आहे!

मी पेट्रोलवर धावणारी, पोपटी रंगाची जुनी मोटार आहे. डॅन्यूब नदीपलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बल्गेरियाच्या डोंगरातल्या ड्रेनोवित्सा या गावात मला आणले ते मेतोदी आजोबांनी. त्यांनी दोन बैल, एक द्राक्षमळा आणि आयुष्यभराची काटकसर एकत्र करून मला घेतले. मी फाटकातून आत आले तेव्हा सगळी आळी जमली होती. पाद्रीबाबांनी तुळशीच्या जुडीने माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले आणि मला वाटले, आपण मोटार नाही, कोणीतरी नवरी आहोत!

पण मला खरे पाणी घातले ते आजोबांच्या पत्नीने, स्तोयना आजींनी. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा निघाले. आजी तांब्याचा गडू घेऊन फाटकाशी आल्या, गडूत जिरेनियमच्या फुलझाडाची डहाळी तरंगत होती. त्यांनी क्रूस केला, काहीतरी पुटपुटल्या आणि गडूभर पाणी चालकाच्या, आमच्याकडे डाव्या बाजूला असणाऱ्या, दाराखाली चाकाशी ओतले. "पाण्यासारखी वाट सरळ होऊ दे," म्हणाल्या. त्या दिवसापासून हा त्यांचा नेम झाला. ऊन असो, बर्फ असो, बुधवार-शुक्रवारचा उपास असो, माझे चाक पाण्याशिवाय फाटकाबाहेर पडले नाही. त्या थंडगार धारेने मला किती धीर यायचा, ते तुम्हांला कसे सांगू?

आजोबा गेल्यावर मी त्यांच्या सुनेच्या, नेवेनाच्या हाती आले. नेवेना परिचारिका आहे. सात गावे, रोज नव्वद किलोमीटर, कोणाला इंजेक्शन, कोणाची मलमपट्टी, कोणाचा नुसता रक्तदाब आणि तासभर गप्पा. मी कधी तिला अर्ध्या वाटेत सोडले नाही. म्हातारी माणसे माझा आवाज ओळखायची. "आली गं पोपटी!" असे म्हणत दार उघडायची.

पण वय कोणाला चुकले आहे? माझा सायलेन्सर गेला, इंजिनाचा पट्टा बदलावा लागला, आणि डाव्या दाराखाली गंज धरला. नदीकाठी गांचोकाकांचे गॅरेज आहे. त्यांनी तिथे नवा पत्रा जोडला. दोन वर्षांनी पुन्हा भोक! पुन्हा जोड. नेवेनाचा नवरा कामेन शाळेत वीजतंत्री आहे. तो वैतागून म्हणाला, "ही गाडी नाही, भोकाचा डबा आहे. पैसे घालतोय आणि खालून गळतायत."

मला फार लागले ते. कारण गंज का येतो ते मला ठाऊक होते, आणि मला बोलता येत नव्हते.

मग ती आली. पांढरी, गुळगुळीत, विजेवर चालणारी! कामेनचा चुलतभाऊ प्लोव्दिव शहरातून परदेशी निघाला होता. त्याने आपली गाडी अंगणात आणून लावली आणि म्हणाला, "वर्षभर वापरा. पटली तर चोवीस हजार लेव्ह द्या. नाही पटली तर मी आल्यावर घेऊन जाईन."

"चोवीस हजार!" गांचोकाका हसले. "कामेन, एवढ्यात मी हिचं इंजिन सोन्याचं करून देतो."

"काका, तुम्ही आजची किंमत बघता. मी दहा वर्षांची बघतोय."

"दहा वर्षांनी तिची बॅटरी म्हातारी होईल, तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नकोस. मी आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडे रुमाल नाही."

नेवेनाने दोघांनाही गप्प केले. ती म्हणाली, "माझी नोकरी दहा वर्षं उरलीय. पगार तुम्हांला माहीत आहे. दहा वर्षांत जी कमी खाईल ती माझी. एक आठवडा ही, एक आठवडा ती. येत्या मे महिन्यातल्या संत गेओर्गीच्या सणापासून पुढच्या वर्षीच्या सणापर्यंत. सगळं वहीत लिहायचं, टायरची हवासुद्धा. हरेल ती जाईल."

मित्रांनो, तुम्ही शर्यती पाहिल्या असतील. पण अशी पाहिली आहे का, जिच्यात जोरात पळणारी नव्हे तर कमी खाणारी जिंकते? माझ्या इंजिनात नुसती धडधड सुरू झाली! वर्षभर रोज सकाळी माझ्या मनात एकच विचार, आज एक थेंबही वाया घालवायचा नाही.

पहिल्या सोमवारी पांढरी निघाली. आजी गडू घेऊन चाकाशी वाकल्या, तोच कामेन अंगणातून ओरडला, "आई, अंगावर नको! विजेची गाडी आहे!"

आजी दचकल्या. गडू छातीशी धरून म्हणाल्या, "मग हिची वाट कशी सरळ व्हायची?"

"पुढे ओता. लांब. रस्त्यावर."

आजींनी पाणी रस्त्यावर ओतले, पण त्यांचे समाधान झाले नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तू बरी गं बाई. तुला पाणी चालतं." मी फुशारून गेले.

महिने सरत गेले आणि वही भरत गेली. उन्हाळ्यात पांढरी पुढे गेली. ती रात्रीच्या स्वस्त विजेवर पोट भरायची, आणि आठवडाभराच्या तिच्या जेवणात माझा एक दिवसही निघत नव्हता. एकदा नेवेना डोंगरावरच्या गावातून परतली आणि गाडीतून उतरताच ओरडली, "अहो कामेन, वर चढताना जी वीज संपली ना, त्यातली कितीतरी उतरताना परत भरली!" मी आयुष्यभर त्याच उतारावर ब्रेक झिजवत आले आहे. उताराने मला कधी थेंबभर पेट्रोल परत दिले नव्हते.

पण तिचा विमा महाग निघाला. अंगाने जड, म्हणून टायर लवकर झिजले. आणि जानेवारीत पारा उणे सतरावर गेला, तेव्हा गारठ्याने तिचा दम निम्मा झाला. तो तिचा आठवडा होता. सकाळीच वरच्या गावाहून निरोप आला, एका म्हाताऱ्या मेंढपाळाला श्वास घेता येत नाही. नेवेनाने पांढरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि माझी किल्ली उचलली. मी तीनदा खोकले आणि चौथ्या वेळी अशी पेटले, की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या! आम्ही वेळेवर पोहोचलो. मेंढपाळ वाचला. त्या दिवशी माझ्या नावापुढे नेवेनाने पेट्रोलचा खर्च लिहिला आणि शेजारी एक छोटे फूल काढले. वहीत फुलाची बेरीज होत नाही, हे मला माहीत होते. तरी मला ते फार आवडले.

असे करत एप्रिल आला आणि माझ्या दाराखाली तिसऱ्यांदा भोक पडले.

कामेनने वहीत ते लाल शाईने लिहिले. पान भरले तेव्हा गंजाचा खर्च वर्षाला सातशे लेव्ह पडत होता. माझी हार आता काळ्या दगडावरची रेघ होती. मला हरण्याचे तितके वाईट वाटले नाही, मित्रांनो. पण 'मुळातच सडकी' म्हणून हरायचे? जी मी नव्हते त्याबद्दल?

संत गेओर्गीच्या सणाची सकाळ उजाडली. फाटकावर कोवळ्या फांद्या बांधल्या होत्या, भट्टीतून कोकराच्या भाजण्याचा वास येत होता. गांचोकाका मला जोड मारून स्वतः घेऊन आले. एरवी ते सकाळी आमच्या आळीत कधी फिरकत नाहीत, पण आज त्यांना जेवणाचे आमंत्रण होते आणि निकालाची घाई.

"काहीतरी गौडबंगाल आहे," ते कामेनला सांगत होते. "हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते दोन्ही बाजूंनी खातं. हिची उजवी बाजू नव्यासारखी आहे. मग डाव्या बाजूला हा कोण एकटाच जेवायला बसलाय?"

तेवढ्यात नेवेना पिशवी घेऊन बाहेर आली. सणाचा दिवस असला तरी एक इंजेक्शन राहिले होते. ती माझ्यात बसली. आजी गडू घेऊन आल्या, क्रूस केला, आणि ताज्या जोडावर, थेट दाराखाली, पाणी ओतले.

गांचोकाकांचे तोंड उघडेच राहिले.

"स्तोयनावहिनी, हे रोज करता?"

"रोज. पंधरा वर्षं झाली. एक दिवस चुकला नाही."

"आणि पांढरीवर?"

"तिच्यावर नाही. कामेन म्हणतो विजेची आहे, पाणी चालत नाही. तिच्या पुढे रस्त्यावर टाकते."

काकांनी कामेनकडे वळून पाहिले. "अरे शहाण्या, पावसात ती काय छत्री घेऊन फिरते का?" आणि ते पोट धरून हसायला लागले. पण हसता हसता ते थांबले, कारण आजी गडू घेऊन, वाकून दाराखालचा जोड बघत होत्या.

"म्हणजे..." आजी म्हणाल्या, "ते भोक मी पाडलं?"

आजी ओट्यावर बसल्या. "ह्यांनी बैल विकून घेतली होती ती. तिला काही होऊ नये म्हणून पाणी घालत होते मी. आणि मीच..."

नेवेना माझ्यातून उतरली. तिने आजींच्या हातून गडू घेतला, त्यांच्या शेजारी बसली. "आई, इतकी वर्षं त्या डोंगरात मला साधा ओरखडा आला नाही. ते कोणत्या पानावर लिहायचं, सांगा बरं?" मग ती कामेनला म्हणाली, "वही आणा. आत्ता."

तिने ते लाल शाईचे पान उघडले आणि गंजाच्या प्रत्येक ओळीवर काट मारली. "हा खर्च गाडीचा नाही. हा घरचा आहे. आता नव्याने मांडा."

अहाहा! मित्रांनो, त्या क्षणी मला टाकीतले पेट्रोल उसळल्यासारखे झाले. माझी अब्रू परत आली होती! आणि शर्यत पुन्हा जिवंत झाली होती! नेवेना इंजेक्शन देऊन येईपर्यंत कोणी जेवायला बसले नाही. मग कोकराच्या ताटाशेजारी वही उघडली. गांचोकाका माझ्या बाजूने, कामेन पांढरीच्या बाजूने, एकेक ओळ भांडून घेतली.

"बॅटरी!" काका गरजले. "तिचे पैसे धरा."

"धरले," नेवेना म्हणाली. "दर वर्षी हजार लेव्ह बॅटरीच्या नावाने बाजूला."

"टायर? विमा?"

"तेही धरले, काका. आता पेट्रोल, ऑइल, पट्टा, ब्रेक. आणि हिला विकून येतील ते अडीच हजारही धरा."

कामेनची पेन्सिल चालत होती. मी खिडकीबाहेर श्वास रोखून उभी होते. शेवटी तो म्हणाला, "गंज धरला असता तर पांढरीची किंमत सात वर्षांत वसूल झाली असती. गंज काढला तर... नऊ वर्षं आणि चार महिने."

नोकरी दहा वर्षे उरली होती. मी हरले होते, पण फक्त आठ महिन्यांनी! अगदी नाकभर अंतराने!

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नेवेना उठून बाहेर आली आणि माझ्या टपावर हात ठेवला. "आता ही परक्याच्या हाती..." कामेन हळू आवाजात म्हणू लागला.

"परक्याच्या?" गांचोकाकांनी ताट बाजूला सारले. "पेन्सिल आण इकडे. मी पुढच्या महिन्यात गॅरेज बंद करतोय. मला जायचं कुठं? रविवारी मधमाश्यांच्या पेट्यांकडे, आणि अधूनमधून बाजाराला. वर्षाला दीड हजार किलोमीटर. बघ, माझ्यासाठी तुझी पांढरी किती वर्षांत वसूल होते."

कामेनने आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग मान वर करून म्हणाला, "काका, जवळजवळ शंभर वर्षं."

"आणि मी आहे एकाहत्तरचा!" काकांनी टेबलावर थाप मारली. "अडीच हजार लेव्ह देतो, वर मधाची बरणी. पोपटी माझी!"

तेव्हा कुठे टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात आजींनी वाजवल्या.

अशी मी नदीकाठी राहायला आले. पांढरी रोज नव्वद किलोमीटर धावते, शांतपणे, आणि तिचा मला आता राग येत नाही. जिला रोज डोंगर चढायचा आहे तिने डोंगराकडून परत घ्यायला शिकलेच पाहिजे. मला आठवड्यातून एकदा मधमाश्यांकडे जायचे असते, त्याला माझे जुने पोट पुरते.

म्हणून, मित्रांनो, माझे एवढे मागणे आहे. कोणती गाडी स्वस्त असे कोणी विचारले, तर आधी त्याला विचारा, तू रोज किती चालतोस आणि किती वर्षे चालणार आहेस? दारातली किंमत ही फक्त पहिली ओळ असते. आणि वस्तूवर माया कराल ती जरूर करा, नेम करून करा. फक्त कधीतरी वाकून बघा, ती माया नेमकी कुठे पडते आहे.

आजी दर रविवारी प्रार्थना आटोपून नदीकाठी येतात. गांचोकाका इंजिन सुरू करतात. आजी गडू उचलतात, चाकाशी वाकतात, आणि मग काहीतरी आठवून सरळ होतात. चार पावले पुढे जातात आणि सगळे पाणी माझ्यासमोर रस्त्यावर ओततात.

मी त्या ओल्या दगडांवरूनच निघते. अजून तरी वाट सरळच आहे.