न्यायमूर्ती आर्डिथबाईंचा काळा झगा

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे. खुर्चीच्या हातांवर घासून माझ्या बाह्या आता चकाकू लागल्या आहेत. ज्या दुकानात मला शिवलं, तिथे चर्चमध्ये गाणाऱ्यांचे झगेही शिवत. माझी भावंडं गायला गेली आणि मी अमेरिकेतल्या मॉंटाना राज्यातल्या केंद्रीय न्यायालयात आलो.

आर्डिथ क्वामी यांची तिथे जन्मभरासाठी न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली होती. शपथविधीच्या दिवशी मला त्यांच्या खांद्यांवर चढवलं ते लेलंड टफ्ट यांनी. दोघांनी एकाच कचेरीत वकिली केली होती आणि दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरले होते.

"आर्डिथ, आता तरी माशाची लांबी खरी सांगत जा गं!" लेलंड म्हणाले.

"आधी तू एखादा धरून तर दाखव!" बाई म्हणाल्या. सगळी खोली हसली. मला वाटलं, आपले दिवस मजेत जाणार.

पण त्या भागात न्यायाधीश म्हणजे एकट्या बाईच. लेलंडचे खटले त्यांच्यापुढेच येणार. मित्राचा खटला न्यायाधीशाला चालवता येत नाही; मैत्री ठेवायची तर बाईंना ते सगळे खटले सोडावे लागणार आणि बिचाऱ्या पक्षकारांना दुसऱ्या न्यायाधीशासाठी बर्फातून दूरच्या शहरात हेलपाटे घालावे लागणार. बाईंनी लेलंडना बोलावून घेतलं.

"यापुढे मी तळ्यावर येणार नाही, लेलंड."

"किती दिवस?"

"हा झगा अंगावर आहे तोवर."

लेलंडनी टोपी उचलली. "जशी आज्ञा, न्यायमूर्ती महोदया," ते म्हणाले. बोलले थट्टेनं, पण हसू कुणालाच आलं नाही.

मग वर्षं गेली. बाई दालनात आल्या की सगळे उठून उभे राहत. लेलंडही राहत. बाईंनी त्यांना कधी जिंकवलं, कधी हरवलं, आणि दोन्ही वेळा ते "आभारी आहे, महोदया" म्हणत. बाईंच्या निकालांची गावभर वाहवा होई. पण एखाद्या पोरसवदा माणसाला तुरुंगात धाडलं, की बाई आतल्या खोलीत मला न उतरवताच बसून राहत. समोरचं सूप गार होई. बोलायला कुणीच नव्हतं. मला फार वाईट वाटे. परदेशांतून येऊन या देशाचे नागरिक होणाऱ्यांना शपथ द्यायचा दिवस तेवढा आनंदाचा. त्या दिवशी त्यांच्या लहान मुलांचे चिकट हात मला लागत.

शेवटी म्हातारपणी बाई आपणहून निवृत्त झाल्या. मला हातावर टाकून त्या थेट लेलंडच्या घरी गेल्या. लेलंड आता थकले होते, स्वयंपाकघरात एकटेच कॉफी पीत होते. बाईंना दारात पाहताच त्यांनी कप ठेवला, टेबलाला धरलं आणि ते उभे राहिले.

"बस रे बाबा! मी आहे, आर्डिथ. सोडलं सगळं."

"हो, महोदया," लेलंड म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"आर्डिथ म्हण ना रे. एकदा तरी."

त्यांचे ओठ हलले. नाव थोडंच ते विसरले होते? पण तोंडाची ते नाव घ्यायची सवयच मोडली होती. बाई उभ्या, म्हणून तेही उभेच.

मित्रांनो, मला डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवा. मी टिकेन, हवा तेव्हा बाहेर काढा. माणसं अशी ठेवून देता येत नाहीत.