ग्लूचा दोष

किरणांचा झोत धातूच्या पट्टीवर पडला, टक् असा आवाज झाला आणि पट्टीच्या पाठीला चिकटवलेला सेन्सर गळून खाली पडला.

"झोपेत ग्लू लावलास," मास्तर तिला म्हणाले. प्रयोगशाळेत सगळ्यात जुने, म्हणून ते सगळ्यांचे मास्तर. "पण पट्टीला पुढून ओरखडासुद्धा नाही. पास लिही आणि घरी पळ. पोरगी वाट बघत असेल."

तिलाही तेच हवं होतं. लेकीच्या दाढा येत होत्या, आठवडाभर घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज लेक झोपायच्या आत पोचायचं तिने कबूल केलं होतं. ग्लू आपणच धड लावला नसेल, असं तिला वाटूनही गेलं. तरी सवयीने तिने सेन्सर उलटा करून पाहिला. त्याला धातूचा पातळ पापुद्रा चिकटलेला होता.

"मास्तर, ग्लूने सोडलं नाहीये. धातू फाटलाय."

किरणांनी क्षणात तापलेल्या धातूला फुगायला सवड मिळत नाही, म्हणून आत दाब साठतो. तो दाब लाटेसारखा पलीकडे धावतो आणि पाठीवरून परत फिरताना धातूला आतून ताणून फाडतो. पट्टी नापास होती. उद्यापासून किरणांचं यंत्र दुसऱ्यांकडे जाणार, म्हणजे नवी पट्टी आजच तपासायला हवी.

"बस मग. चहा टाकतो," मास्तर म्हणाले.

तिने नवऱ्याला फोन लावला. "उशीर होईल. निजव तिला."

"ती तुला पाहुणी म्हणतेय. विचारतेय, पाहुणी कधी येणार."

तिच्यात हसायचंही त्राण नव्हतं. "सकाळी तिनेच उठवावं म्हणावं पाहुणीला," ती म्हणाली आणि नव्या पट्टीची पाठ पुसायला घेतली.