ओळीच्या डोक्यावर

मोठ्याने वाचा

जयवंताचं तेलुगू फर्मास होतं. दिलसुखनगरच्या भाजीवाल्याला ती त्याच्याच बोलीत गप्प करायची. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. नांदेडला सातवीपर्यंत शिकली ती मराठीत. लग्न होऊन इथं आली आणि दुकानांच्या पाट्यांपुढं आंधळी झाली.

पण हार मानेल तर ती जयवंता कसली! चौथीतल्या लेकीचं, तेजश्रीचं, तेलुगूचं पुस्तक तिनं घेतलं. शेजारची पद्मावती धडा वाचायची, आणि जयवंता प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं तेच शब्द मराठी अक्षरांत उतरवायची. सगळं पुस्तक असं सजलं. लेक घडाघडा वाचायला लागली. आईची छाती फुगली.

कोऱ्या पुस्तकातून वाचा

वसाहतीच्या सभागृहात संध्याकाळी अभ्यासवर्ग भरायचा. पोराबरोबर घरचं एक मोठं माणूस सतरंजीवर बसायलाच हवं, असा तिथला नेम. सत्यवतीबाई वर्ग चालवायच्या. त्यांनी तेजश्रीचं पुस्तक चाळलं, मिटलं, आणि दुसऱ्या पोराचं कोरं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं.

तेजश्रीनं पानाकडं पाहिलं. मग आईकडं. तोंडातून शब्द नाही.

"जयवंतम्मा," बाई हळूच म्हणाल्या, "बच्ची तेलुगू नै पढ़ री. तुमकू पढ़ री."

खरंच होतं. पोरगी आईचंच अक्षर वाचत आली होती. आणि येत्या शुक्रवारी शाळेत वाचन. कोऱ्या पुस्तकातून वाचता आलं नाही, तर तेलुगूच्या तासाला तिला दुसरीच्या पोरांत बसवणार होते.

खोडा

घरी येताच जयवंता खोडरबर घेऊन बसली.

"कायकू पुसतेस?" तिचा नवरा हिम्मतराव टीव्हीसमोरून ओरडला. "परीक्षा तोंडावर, आणि ही पोरीचा आधार काढतेय!"

"आधार नव्हे, झापड आहे. मीच बांधलीय."

"मग शिकवणार कोण? तुला येतंय?"

"नाही येत. म्हणून तर शिकणार."

"या वयात बाराखडी?"

"हौ. भाजी तुम्ही चिरा. मला अभ्यास आहे."

"आई, नक्को ना!" तेजश्री रडकुंडीला आली. "मग मला काहीच येणार नाही."

जयवंताचा हात थांबला. आणि पुन्हा चालू लागला. पानं काळपट झाली, एक तर फाटलंच. तिनं चिकटपट्टी लावली आणि पुढचं पान घेतलं.

गिरवा

"म." वर्गात जयवंतानं कोऱ्या पानावरच्या तेलुगू अक्षरावर बोट ठेवलं.

"आई, व आहे तो! शेपूट कुठाय त्याला?"

"व. हा?"

"हा म."

मागच्या सतरंजीवर बायका हसल्या. "जयवंतक्का, पोरगी पुढं गेली की तुमच्या!"

"जाऊ द्या. त्यासाठीच मागं बसलेय."

शुक्रवार

तेजश्रीनं दोन ओळी वाचल्या. बोट ठेवून, अडखळत. तिसरीत जोडाक्षर आडवं आलं आणि ती थांबली ती थांबलीच.

सोमवारपासून दुसरीच्या पोरांत.

"बघ," हिम्मतराव म्हणाला. "पुसलं नसतंस तर..."

"तर दोन ओळीही आल्या नसत्या."

तेजश्रीनं उशीत तोंड खुपसलं. "सगळे हसतील मला. मी एवढी मोठी, आणि दुसरीत!"

जयवंता तिच्या उशाशी बसली. खोटी समजूत काढायची तिला सवय नव्हती.

पुन्हा वाचा

सोमवारी संध्याकाळी सत्यवतीबाईंनी विचारलं, "पुढं येऊन कोण वाचणार?"

जयवंता उठली. दुसरीचं पुस्तक, कोरं. सगळा वर्ग समोर. पहिल्याच शब्दाला चुकली. पोरं फिदीफिदी हसली. कान तापले तिचे, पण पुस्तक खाली आलं नाही. बोट मागं आणून तिनं त्याच शब्दावर ठेवलं, आणि परत चुकली, आणि परत ठेवलं.

तेजश्री सतरंजीवरून उठली. कुणाकडंही न बघता आईच्या कोपराशी येऊन उभी राहिली.

"सरक," नाक पुसत ती म्हणाली. "मला पण दिसू दे."