सातव्या घराचा नॉब

सातवा नॉब नेमका कुठं होता?

हे राजरत्ननं सगळ्यांना विचारलं. आईला, बहिणीला, सांगलीच्या हरिबांना. मलाही विचारलं, दोन्ही हातांत धरून, गदागदा हलवून. कुणीच सांगितलं नाही. मी तर सांगूच शकत नव्हतो. मी आठ घरांचा डबा. नॉब या घडीला कुठं उभा आहे तेवढंच मला कळतं. काल कुठं होता ते मला कळत नाही. माणसं मला आठवतात, त्यांचे हात आठवतात. सूर आठवत नाहीत. मला तसं बनवलेलंच नाही.

मला बनवलं नागसेननं. राजरत्नचा थोरला भाऊ. कराडजवळ मलकापूरला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला होता. रविवारी औंधला घरी आला की बाहेरच्या खोलीत वायरींना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री तापवायचा आणि बसायचा. चौऱ्याण्णव सालचा अख्खा उन्हाळा मी त्याच्या मांडीवर होतो. माझं अंग मोडीत निघालेल्या टीव्हीच्या लाकडी खोक्याचं. आत वेगवेगळ्या पट्ट्या. एक पट्टी ठेका मोजते, एक वीज कमीजास्त करते, एकीवर माझी आठ घरं. कुठलीही पट्टी काढावी, दुसरी घालावी, मधे वायरी जोडाव्यात. परदेशी मासिकातला नकाशा त्याला सांगलीच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या एका सरांनी झेरॉक्स करून दिला होता. नागसेन मला नकाशातल्या नावानं सिक्वेन्सर म्हणायचा. घरात सगळे मला डबाच म्हणतात.

प्रत्येक घराला एक नॉब, एक लाल दिवा, एक खटका. नॉबनं सूर ठरतो. खटका खाली केला की ते घर मुकं होतं. दिवा पहिल्यापासून आठव्यापर्यंत पळतो आणि परत पहिल्यावर येतो. मला आठापर्यंतच मोजता येतं. राजरत्न सातवीतून शाळा सोडून बसलेला. तो म्हणायचा, "माझ्यापेक्षा एक यत्ता जास्त शिकलाय गड्या."

माझे नॉब एकसारखे नाहीत. जे मिळाले ते लावले. सातवा सगळ्यांत मोठा, आबांच्या, म्हणजे नागसेनच्या वडिलांच्या, जुन्या रेडिओचा, पितळी कडीचा. तो मोठा होता म्हणूनच पुढचं सगळं झालं.

पण माझ्यात आवाज नाही. आवाज थोरलीचा.

थोरली म्हणजे माझ्या शेजारी ठेवलेला सिंथेसायझर. जपानात जन्मलेली, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, छातीवर चाळीस नॉब. ती हरिबांची. हरिबांचा सांगलीत ऑर्केस्ट्रा होता. त्यांनी नवा कीबोर्ड आणला. त्यात शंभर आवाज तयारच होते, आणि दहा बोटं दाबली तर दहा सूर वाजायचे. थोरली एका वेळी एकच सूर काढते. शिवाय तापेपर्यंत बेसूर, तापल्यावरही हळूहळू वर चढत जाते. त्यांनी ती नागसेनकडं दुरुस्तीला दिली आणि म्हणाले, वाजली तर तूच वापर, आमच्यात हिला कोण विचारत नाही. हिला एकच गळा आहे.

नागसेन म्हणाला, "माणसाला तरी किती असत्यात?"

आमची पहिली गाठ हसण्यासारखी झाली. मी नकाशाबरहुकूम होतो. प्रत्येक सप्तकाला मी वीज सारख्या मापानं वाढवायचो. थोरलीला प्रत्येक सप्तकाला दुप्पट लागायची. मी सरळ जिना चढत होतो आणि तिच्या पायऱ्या वरवर उंच होत गेलेल्या. नागसेननं वायर जोडली आणि खोलीत शेळी ओरडल्यासारखा आवाज झाला. नागसेनची आई भामाबाई भाकरी थापत होत्या, त्या पीठभरल्या हातानं बघायला आल्या. दुसरा कुणी असता तर मला उकलून परत बांधला असता. नागसेननं आबांची पेटी पुढं ओढली, एकेक घर थांबवलं, पेटीचा सूर धरला आणि कानानं नॉब लावले. म्हणाला, माप चुकलं तर चुकलं, कान हायत की.

तेव्हापासून आमची रीत तीच. नकाशा बाजूला, पेटी समोर, कान पुढं.

आणि मग आम्ही जे वाजायचो! मी मोजायचो, ती गायची. मी एकच आठ घरं फिरत राहायचो, पण ती कधीच तंतोतंत तसं परत म्हणायची नाही. नागसेन तिच्या छातीवरचा एक नॉब फार सावकाश फिरवायचा. आधी आवाज भिंतीआडून बोलल्यासारखा यायचा. मग दार किलकिलं व्हायचं. मग पुरतं उघडायचं आणि ती खोलीत येऊन उभी राहायची. मी तिच्या मानानं पोरगा, शंभर टाके मारून जोडलेला. पण माझ्या साध्या मोजणीवर ती इतकी जुनी बाई इतकी मन लावून चालायची की मला माझ्या लाकडाचा अभिमान वाटायचा. नव्या कीबोर्डातले शंभर आवाज मी हरिबांच्या ऑर्केस्ट्राच्या गाडीवर ऐकलेत. त्यातला एकही असा तापून, घाम गाळून आलेला नव्हता.

आबांची गायन पार्टी होती. आसपासच्या गावांत जयंतीला, लग्नाला, नामकरणाला त्यांना बोलावणं असायचं. नागसेननं आम्हाला पार्टीत आणलं. राजरत्न ढोलकीवर. औंधच्या लोकांनी आधी आम्हाला डोळे फाडून पाहिलं, मग आमच्यामागं टाळ्या धरल्या.

आबांचं मात्र माझ्याशी भांडण होतं. दगडखाणीत उमेदीची वर्षं घातलेली, धूळ छातीत बसलेली. गाताना त्यांना मधेच दम घ्यावा लागायचा. पेटी थांबायची, ढोलकी थांबायची. मी थांबायचो नाही. मला थांबणं माहीतच नव्हतं. आबा खोकत म्हणायचे, "नागसेना, तुझा ह्यो डबा माझा जीव घिल बघ. बाप हाय का कोण, बघतच न्हाई."

नागसेन हसायचा. बघतो म्हणायचा.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत आबांनी जयंतीसाठी नवं गाणं बांधलं. शनिवारी संध्याकाळी नागसेननं कानाला हेडफोन लावले आणि माझ्यावर त्याची चाल बसवली. एकेक नॉब लावला. दोन तास लागले. आम्रपाली, त्याची दहावीतली बहीण, ऐकू दे म्हणून मागं लागली. तो म्हणाला, उद्या आबांच्या समोर, सगळ्यांना एकदमच.

रविवारी सकाळी त्यानं आम्हाला दोघांना चालू केलं. थोरलीला वाजवायच्या आधी अर्धा तास तापवावं लागतं. आवाज पुरता खाली होता, फक्त माझे दिवे पळत होते. स्पीकरची वायर तुटली होती. ती आणायला तो मोटारसायकलवरून पुसेसावळीला निघाला. दारातून राजरत्नला म्हणाला, "तापू दे तिला. आलोच."

तो आला नाही. पुसेसावळीच्या रस्त्यावर समोरून ट्रक आला.

एरवी आमच्याकडं दिवसातून चारदा लाईट जायची. त्या दिवशी एकदाही गेली नाही. घरात माणसं आली, रडली, त्याला घेऊन गेली. मी एक ते आठ, एक ते आठ. थोरली तापून, तयार होऊन, मुकी बसलेली. दुपार कलली तेव्हा सगळे स्मशानातून परत आले आणि राजरत्न खोलीत शिरला. माझे दिवे पळताना त्यानं पाहिलं.

माझ्याच दिव्यांचा मला राग आला असता. त्याला आला. त्यानं जे हाताला आलं ते धरलं आणि पिळलं. हाताला आला तो मोठा नॉब, सातवा. तो टोकाला जाऊन अडला तरी पिळत राहिला. मग बोर्डातून वायरी उपटल्या. तिसऱ्या दिवशी कुणाला न विचारता जीप ठरवली आणि थोरलीला सांगलीला हरिबांच्या दारात ठेवून आला. नको ही घरात, एवढंच म्हणाला.

नागसेनच्या जलदान विधीच्या दिवशी आम्रपालीनं माझ्यावरची धूळ पुसायला फडकं उचललं आणि तिचा हात वरच्यावर थांबला.

"राजादादा, नागसेनदादाची चाल ह्यातच हाय की अजून. नॉब कुणी हलीवलं न्हाईत न्हवं?"

राजरत्न उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. त्यानं तिला सांगितलं की सातवा मी हलवला. ती फडकं घेऊन चुलीकडं गेली.

मग त्यानं बुद्धाच्या तसबिरीपुढची पेटती मेणबत्ती उचलली. माझ्या पहिल्या नॉबच्या बुडाशी मेण ओतलं. मग दुसऱ्या. उरलेले सातही नॉब त्यानं मेणात गाडले, केसभरही फिरू नयेत म्हणून. सातव्याला मेण लावलं नाही. तिथं जपायला काही उरलं नव्हतं.

विटामार्गे सांगलीच्या एसटीत तो मला मांडीवर घेऊन बसला. खड्डा आला की मला उचलून धरायचा. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, पोरा, देव हाय का काय त्यात? व्हय म्हणाला.

हरिबांनी थोरलीवरचं पांघरूण काढलं. राजरत्न वायरी जोडायला लागला तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"आरं, आदी तापू दे की तिला."

दोघे तिच्यासमोर अर्धा तास बसले. हरिबांनी चहा मागवला, तो तसाच निवला. मग माझा पहिला दिवा लागला.

एक, दोन, तीन, चार. काय चाल होती ती. खालून उठून वर जाणारी, पाचव्याला किंचित वळणारी, सहाव्याला कुणाला तरी हाक मारावी तशी. आणि सातव्याला किंकाळी. आठवं घर त्या किंकाळीतच बुडालं.

राजरत्ननं सातवा नॉब मागं फिरवला. थोडा, आणखी थोडा. दोन तास फिरवत होता. जिथं थांबावा तिथं सूर बरा वाटायचा आणि जिथं बरा वाटायचा तिथं नागसेनचा वाटायचा नाही. शेवटी त्यानं हरिबांकडं पाहिलं.

"अण्णा, कुठं आसंल ह्यो?"

हरिबांनी डोळ्यांना रुमाल लावला. "ते त्यालाच ठावं, गड्या. थोरलीला घिऊन जा. मी परत मागणार न्हाई."

औंधला आम्ही परत एका टेबलावर आलो. आबांनी त्या दिवसापासून तोंडातून सूर काढला नव्हता. जयंतीला पार्टी येणार नाही असं त्यांनी कळवूनही टाकलं होतं. राजरत्ननं थोरलीला तापवलं आणि आबांना खोलीत बोलावलं. येईनात, तर हाताला धरून आणलं. खाली मान घालून त्यानं सातव्या नॉबचं सगळं सांगितलं. मग चाल लावली.

आबा भिंतीला टेकून ऐकत राहिले. आठ घरं, परत आठ घरं. राजरत्न सातव्यावर झटत होता. थोडं वर, थोडं खाली. आबांचे ओठ हलायला लागले. पाचव्या घरापर्यंत ते आले, सहाव्यापर्यंत आले, आणि खोकला लागला.

"बंद कर त्ये," आबा म्हणाले.

राजरत्ननं वायरीला हात घातला.

"सगळं न्हवं. सातवं घर तेवढं बंद कर."

"पर आबा, दादानं कुठं ठिवला व्हता..."

"त्यानं कुठं ठिवला व्हता मला काय ठावं? मला हितं दम घ्याया लागतोय. तेवढी जागा सोड."

राजरत्ननं सातवा खटका खाली केला. चाल सहाव्यापर्यंत गेली, सातव्याला गप्प राहिली. त्या रिकाम्या घरात आबांनी श्वास घेतला. आठव्यावर त्यांचा आवाज आला, फाटका, पण सुरात. भामाबाई दारात उभ्या होत्या. आबांचं पहिलं कडवं पुरं झालं आणि त्या खाली बसल्या.

कडवं संपल्यावर राजरत्ननं त्या खटक्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, दादानंच खटका आधीपासून खाली ठिवला असंल काय, आबांच्या दमासाठी? माझे दिवे तर त्या दिवशी आठही पळत होते, पण घर मुकं असलं तरी माझा दिवा लागतोच. पिळापिळीत खटका वर गेला असेल किंवा गेला नसेल. मला माहीत नाही. मी आधीच सांगितलं, मला आत्ताचंच कळतं.

आता मी म्हातारा नाही, माळ्यावर नाही, मोडीतही नाही. पार्टीसोबत मी म्हसवडपर्यंत जातो. थोरली अजून तापायला अर्धा तास घेते आणि तिच्यासाठी आता सगळेच थांबतात. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. गेलेल्या माणसाचं वाद्य घरात असलं तर त्याला हात लावा. जपून ठेवलेला सूर कुणाच्याच गळ्यात जात नाही. आमच्या नॉबवरून हात फिरू द्या.

राजरत्नला हे त्याच वर्षी, जयंतीच्या सकाळी उमगलं. पार्टी येते असं आबांनी परत कळवलं होतं. चाल तोवर घरात सगळ्यांना पाठ झाली होती, आम्रपाली दळण निवडताना गुणगुणायची. दुसऱ्या गाण्याला माझे नॉब मोकळे हवे होते. त्यानं नागसेनचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि एकेका नॉबच्या बुडातलं मेण खरवडून काढलं. एक कणही खाली पडू दिला नाही. ते सगळं वाटीत वितळवलं, त्यात सुताची वात धरली. संध्याकाळी वंदनेच्या वेळी त्यानं ती मेणबत्ती तसबिरींपुढं लावली.

बोटाएवढीच झाली होती. आबांची दोन गाणी होईपर्यंत पुरली.