थोरल्याच्या माथ्यावरचा कानतुटका कप

मी एक जुना डोंगरमाथा आहे आणि माझा चटकन कोणावर विश्वास बसत नाही. मित्रांनो, इतक्या वर उगाच कोणी येत नाही.

आम्ही एकाच डोंगराचे दोन माथे. पश्चिमेचा धाकटा, पूर्वेचा मी थोरला. ही नावं पायथ्याच्या लोकांनी ठेवली. कागदावर मात्र डोंगराला कोण्या बड्या अधिकाऱ्याचं नाव आहे. त्याने आम्हाला पाहिलंसुद्धा नव्हतं! धाकटा गावाच्या अंगाला, म्हणून खालून तोच उंच दिसतो. माझ्या उत्तरेच्या घळीत वर्षभर बर्फ असतो, दक्षिणेचा खडक तापतो आणि दुपार झाली की ढग वर चढतो.

अशाच ढगात चाळीस वर्षांपूर्वी दोन साहेब आणि त्यांचा वाटाड्या धाकट्यावर पोहोचले. साहेबांनी पत्र्याच्या डब्यात वही ठेवली आणि 'शिखर सर केलं' असं लिहून मोकळे झाले.

वाटाड्या म्हणाला, "साहेब, थोरला पुढे आहे."

"पुढे नुसता ढग आहे," साहेब म्हणाले आणि पाय पसरून बसले.

तो एकटाच खिंड ओलांडून माझ्याकडे आला. पिशवीतला पत्र्याचा कप पालथा घातला, त्यावर तीन दगड ठेवले आणि गेला. मला वाटलं, कचरा टाकून पळाला. वर्षानुवर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पुढे जो तो धाकट्याच्या वहीत सही करू लागला. आपण थोरल्यावर जाऊन आलो असं वाटाड्या सांगे; त्याचा विषय निघाला की हसून म्हणत, "म्हातारा थापा मारतो."

गेल्या वर्षी जमीन मोजणारी एक बाई धाकट्यावर आली. तिने तिवईवर दुर्बीण बसवली. झालं, आता पुन्हा कोणा साहेबाचं नाव चिकटणार! तिने दुर्बीण समपातळीत आणून माझ्याकडे रोखली. धाकटा उंच असता तर दुर्बिणीतली आडवी रेघ माझ्या डोक्यावरून गेली असती. ती माझ्या छातीवर आली, म्हणजे उंच मीच!

बाई तडक माझ्याकडे आली आणि दगड उचलू लागली. चोर, दुसरं काय! तिने कप काढला, खिशातून पत्र्याचा एक वाकडा तुकडा काढून त्याला लावून पाहिला आणि फोन केला.

"बाबा, कप सापडला."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस ना?" पलीकडून म्हातारा म्हणाला. हा तर माझ्याहून संशयी!

"पिशवीत मावेना म्हणून तुम्ही त्याचा कान तोडला होता ना? तो आणलाय मी."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर दिला असता?"

"...बसतोय का?"

"दोन्ही टोकांना. अगदी बरोबर."

मग तो म्हणाला, "राहू दे तिथेच. कानही ठेव."

मला फार लाज वाटली. चाळीस वर्षं मी ज्याला कचरा म्हणत होतो, तो त्या वाटाड्याचा एकुलता एक साक्षीदार होता.

मित्रांनो, जरूर या. ढग ओसरल्याशिवाय वहीत काही लिहू नका, आपला कचरा परत न्या आणि त्या तीन दगडांना हात लावू नका. माझी नजर असते. सकाळी आभाळ स्वच्छ असलं की खालच्या एका खिडकीतून एक म्हातारा माझ्याकडे बघतो. तेवढ्या एका माणसावर मात्र माझा संशय नाही.