उजवी कूस, डावी कूस

बाळांनो, डोळे मिटा आणि एक डोंगरवाट समोर आणा. वाटेच्या एका बाजूला झाडाला कॅमेरा बांधलाय. समोरून कुणी गेलं की तो आपोआप फोटो काढतो. दिसला?

त्यातले फोटो निवडायचं काम खारूच्या बाबांचं. जंगलखात्यात त्यांच्या टेबलामागे भिंतीवर दोन बिबट्या माद्यांचे फोटो होते. संध्याकाळी डोंगर उतरते ती काजळी, पहाटे वर चढते ती चांदणी. बिबट्याचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. या दोघींचेही जुळत नव्हते.

"बाबा, या भांडत नाहीत?"

"एक कामाला निघते तेव्हा दुसरी घरी येते. भांडायला सवड कुठाय? माझं नि तुझ्या आईचं तरी दुसरं काय चाललंय!"

आणि एके सकाळी गाडीच्या धडकेने एक मादी मेली. शाळा सुटल्यावर खारू धावत आली, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मेलेल्या मादीला कचेरीच्या मागच्या खोलीत टेबलावर ठेवलं होतं. उजवी कूस वर. बाबांनी ठिपके निरखले.

"चांदणी," ते म्हणाले.

खारूचे डोळे भरून आले. "पण काजळी आहे ना? डोंगर रिकामा नाही ना झाला?"

"आहे गं राणी. संध्याकाळी उतरेल बघ."

"भाऊ, जरा हात लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरी बाजू बघायचीय."

दोघांनी तिला वळवलं आणि बाबांचे हात तिथेच राहिले. डाव्या खांद्यावर काळ्या ठिपक्यांचं कडं होतं, एका जागी तुटलेलं. खारूने ते रोज पाहिलं होतं, भिंतीवरच्या काजळीच्या अंगावर.

"बाबा, ही काजळी कशी?"

बाबांनी बोटाने टेबलावर डोंगरवाट आखली. कॅमेरा एकाच बाजूला. उतरताना डावी कूस दिसणार, चढताना उजवी. आणि एकाच बिबट्याच्या दोन कुशीही सारख्या नसतात.

"माहीत होतं गं मला हे सगळं," ते हळूच म्हणाले. "पण दोघी आहेत म्हटलं की बरं वाटायचं."

खारू बाबांच्या टेबलामागच्या भिंतीपाशी गेली. दोन्ही फोटो अलगद सोडवले, मागून डिंक लावला, पाठीला पाठ चिकटवली, आणि वाळेपर्यंत दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून बसून राहिली.